ग्रामसभेपुढे मोबाइलचा विषय

येत्या २ ऑक्टोबरला हिंगणीत ग्रामसभा बसेल. घरकुलांची यादी, नळयोजना, पांदण रस्ते, रोजगार हमीची कामे हे विषय नेहमीचे आहेत आणि महत्त्वाचेही आहेत. त्यांच्या जोडीला यंदा आणखी एक विषय पत्रिकेवर यावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींना मोबाइलवर आलेला मजकूर पारखायला शिकवणारा नियमित वर्ग गावात सुरू व्हावा, आणि तो ग्रामसभेच्या ठरावाने व्हावा.

गांधीजयंतीचा दिवस या विषयासाठी फार योग्य आहे. त्या दिवशी सकाळपासून फोनवर गांधीजी येऊ लागतात. जगात जो बदल हवा तो आधी स्वतः व्हा, आधी ते दुर्लक्ष करतील मग हसतील, अशी वाक्ये त्यांच्या चित्राखाली फिरतात. त्यांच्या संकलित वाङ्मयाचे १०० खंड आहेत. त्यांत ही वाक्ये या रूपात सापडत नाहीत. ही वाक्ये निदान निरुपद्रवी तरी आहेत. त्यांच्याच जोडीने दोन छायाचित्रे फिरतात, ती तशी नाहीत. एकात गांधीजी एका गोऱ्या बाईशी हसत बसलेले दिसतात. मूळ छायाचित्र जुलै १९४६ मधले, मुंबईच्या काँग्रेस महासमितीच्या बैठकीतले आहे आणि त्यात त्यांच्या शेजारी जवाहरलाल नेहरू बसलेले आहेत. नेहरू पुसून तिथे बाई बसवली आहे. दुसऱ्यात ते एका तरुणीबरोबर नाचताना दिसतात. तो गांधींचा वेष घेतलेला ऑस्ट्रेलियातला एक नट आहे. दोन्हींचा उलगडा कधीचाच झालेला आहे. तरीही दर वर्षी एखादा नववीतला मुलगा ती पहिल्यांदाच बघतो आणि खरी मानतो. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत त्या आपल्या वर्धा जिल्ह्यातला मुलगाही याला अपवाद नसतो, आणि तसा तो असण्याचे कारणही नाही, कारण ही चित्रे कशी तपासायची हे त्याला कुणी दाखवलेलेच नसते.

हिंगणीपुरता दुसरा प्रश्न वाघाचा आहे. सेलू तालुक्यातले हे गाव बोर धरणाच्या वाटेवर आहे. एका अंगाला कापूस, तूर, सोयाबीनची वावरे, दुसऱ्या अंगाला २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेले बोरचे जंगल. इथे वाघाची बातमी करमणुकीसाठी ऐकली जात नाही. रात्री ओलिताला जायचे की नाही, पोराला सायकलने शिकवणीला पाठवायचे की नाही, हे तिच्यावर ठरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहात वाघाने माणसाला ओढून नेल्याचे सीसीटीव्ही चित्रण म्हणून एक व्हिडिओ विदर्भभर फिरला. वन विभागाला तो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला, संपूर्ण खोटा असल्याचे जाहीर करावे लागले. असा प्रत्येक खोटा वाघ खऱ्या वाघाची किंमत कमी करतो. चार वेळा फसलेला माणूस पाचव्या वेळी वनरक्षकाचा खरा निरोपही फिरकी समजून सोडून देतो, आणि जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाला ही चूक परवडत नाही.

याहून भयंकर जे घडू शकते ते महाराष्ट्रात घडून गेले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा हे आदिवासी गाव, बाजाराचा दिवस. सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या आधी कित्येक दिवस परिसरातल्या फोनांवर येत होते. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून संशय घेतला गेला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत! ज्या छपराखाली गावाने शहाणपणाने बसायचे त्याच छपराखाली. त्याच दिवशी रात्री मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. त्यांच्यात दोन वर्षांचे मूल होते. तिथे पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ती माणसे वाचली.

त्या उन्हाळ्यात देशभर जो व्हिडिओ सर्वाधिक फिरला त्यात मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यातून मूल उचलून नेताना दिसत. तो मुळात कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेने केलेला जनजागृतीपट होता. मूल परत आणून देण्याचा आणि मुलांकडे लक्ष ठेवा असे सांगण्याचा शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. शेवट कापलेल्या त्या पटाने आणि तसल्याच इतर संदेशांनी पेटवलेल्या भीतीत त्या वर्षी देशात अनेक माणसे मेली. आपल्याकडेही नाथजोगी येतात, बहुरूपी येतात, सुगीनंतर झोळी घेऊन फिरणारी माणसे येतात. राईनपाड्याची माणसे काही जन्माने क्रूर नव्हती. आपल्या पोरांच्या काळजीने भ्यालेली होती, आणि ती भीती कुणीतरी त्यांच्या हातात आणून ठेवली होती. म्हणून ते गाव आपल्यापासून दूर आहे असे हिंगणीने समजू नये.

आपल्या प्रत्येकाच्या फोनात राईनपाड्याची एक खूण आहे. एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येत नाही, ही मर्यादा व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये, या हत्यांनंतर, आधी भारतात घातली. जगभर ती पुढच्या वर्षी लागू झाली. ज्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो तो अनेक हात बदलून आलेला असतो, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दुहेरी बाण दिसला की थांबावे, एवढे तरी प्रत्येक घरात माहीत हवे. पण बाणांनी भागत नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त असते, आणि १,५०० माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागतो. हे काम यंत्रे करत नव्हती, माणसेच करत होती, कारण खोट्यात नवल असते. खोट्याच्या कपाळी गोटा अशी आपली म्हण आहे. तो गोटा बसेपर्यंत खोटे दहा गावे फिरून आलेले असते.

अफवेएवढाच मुलांच्या मनाचा प्रश्न गंभीर आहे, आणि त्याबद्दल बोलताना मोठी माणसे घाईने दोन टोके गाठतात. एक म्हणतो मोबाइलनेच पिढी वाया गेली; दुसरा म्हणतो, आमच्या वेळी सिनेमालाही हेच म्हणत. अभ्यासकांतही मतभेद आहेत. जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २०२४ च्या पुस्तकात किशोरवयीनांच्या वाढत्या नैराश्याचा दोष थेट स्मार्टफोनवर ठेवला. कँडिस ऑजर्ससारख्या संशोधकांनी, दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही, असे बजावले. अमेरिकेच्या सर्जन जनरलने मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांमध्ये मानसिक त्रासाची जोखीम दुप्पट आढळल्याचा दाखला आहे, आणि अजून पुष्कळ संशोधन व्हायला हवे असेही त्याच कागदात म्हटले आहे. एका गोष्टीत मात्र आम्हाला शंका वाटत नाही. २०२१ मध्ये फेसबुकमधून बाहेर पडलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी जी कागदपत्रे उघड केली त्यांत कंपनीचेच संशोधन होते: आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरींपैकी ३२ टक्के मुलींनी, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटू लागले, असे सांगितले होते. कंपनीला हे ठाऊक होते. एकामागून एक आपोआप लागणारी रील, कधीच न संपणारे पान, कुणी काय म्हटले याची सतत वाजणारी घंटी, हे सगळे माणसाला धरून ठेवण्यासाठी फार हुशार माणसांनी रचलेले आहे. चौदा वर्षांच्या पोराला त्यासमोर बसवून ‘तुला स्वतःवर ताबा नाही’ असे बोल लावणे अन्यायाचे आहे.

हे शहरी घरांचे दुखणे आहे असे वाटत असेल तर ‘असर’चे अहवाल पाहावेत. प्रथम संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसे करायचे हे माहीत असलेली मुले ६२ टक्के होती. म्हणजे दर दहांपैकी जवळपास चौघांना दार उघडता येते, लावता येत नाही.

मुलींची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. ‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त २० टक्क्यांकडे. मुलीच्या हातातला फोन घरातल्या कुणाच्या तरी मेहेरबानीवर असतो. कुणी तिचा फोटो उचलला, बिघडवला, धमकी दिली, तर तिला पहिली भीती त्या पोराची वाटत नाही. घरी कळले तर फोन जाईल, कदाचित शाळाही जाईल आणि लग्नाची बोलणी सुरू होतील, ही तिची भीती असते. म्हणून ती गप्प राहते, आणि धमकावणाऱ्याचे सगळे बळ तिच्या त्या गप्प राहण्यात असते. गावाने या विषयावर काही ठरवायचे असेल तर पहिली कसोटी हीच असावी: या ठरावानंतर ती मुलगी घरात बोलू शकेल का?

या कसोटीला बंदी उतरत नाही. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. त्यामागची कळकळ खरी होती; कोरोनाच्या दोन वर्षांत शाळेनेच मुलांच्या हाती फोन दिला आणि शाळा उघडल्यावर तो सुटेना, हे दुःख घरोघरचे होते. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये असा कायदाच केला, तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. पण तिथे दंड कंपन्यांना आहे, पोरांना नाही, हा फरक लक्षात घ्यावा. ग्रामपंचायतीच्या बंदीत कंपनी सुटते आणि पोर सापडते. शिवाय अठरावे वर्ष लागले त्या दिवशी आपसूक पारख येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने काढलेली वाट आम्हाला जास्त पटते. १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास सगळ्या घरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे बोलत बसतात. नियम मोठ्यांनाही लागू आहे, हे त्याचे खरे बळ. राष्ट्रसंतांच्या सामुदायिक प्रार्थनेची सवय असलेल्या आपल्या भागाला संध्याकाळचा एक ठरलेला वेळ सगळ्यांनी मिळून पाळणे नवे नाही. हिंगणीने भोंगा जरूर वाजवावा. मात्र साडेआठ वाजता फोन पुन्हा हातात येतो, आणि त्यातला मजकूर तपासायला भोंगा शिकवत नाही.

मग काय शिकवते? याचे उत्तर आपल्याच देशात, आपल्यासारख्याच गावांत शोधले गेले आहे, आणि ते फारसे कुणी वाचलेले दिसत नाही म्हणून थोडे सविस्तर सांगतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने बिहारमध्ये १,२२४ प्रौढांवर एक प्रयोग केला. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन तासभर बसून खोटी बातमी कशी ओळखायची, चित्र मुळात कुठले ते कसे शोधायचे हे समजावले. मग मतदानानंतर तपासले. परिणाम जवळपास शून्य. एका तासाने माणसांची पारख सुधारली नव्हती. त्यात राजकीय निष्ठा आडवी येत होती.

त्यानंतर बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या ‘जीविका’ अभियानाच्या मदतीने बिहारमध्येच दुसरा, फार मोठा प्रयोग केला. १०० गाववाचनालये, ५८३ गावे, तेरा ते अठरा वयाची सुमारे १३,५०० मुले. चौदा आठवड्यांत चार वर्ग, प्रत्येक वर्गानंतर घरी करायचा अभ्यास. तुलनेसाठी उरलेल्या मुलांना त्याच काळात इंग्रजी शिकवले. या वेळी निकाल वेगळा लागला. शिकलेल्या मुलांना खऱ्या-खोट्या बातमीतला फरक कळू लागला, पुढे पाठवण्यातला त्यांचा उतावीळपणा कमी झाला, आरोग्याविषयीच्या भलत्या उपायांवरचा विश्वास घटला. चार महिन्यांनी पाहिले तरी ते टिकून होते. वर्गात न शिकवलेल्या राजकीय बातम्यांबाबतही ती मुले सावध झाली होती. आणि ज्यांना कुणीच शिकवले नव्हते त्या त्यांच्या आईवडिलांचीही पारख सुधारली होती. मुलांनी ते घरी नेले होते.

आपल्या शाळांत सायबर जागृती म्हणून वर्षातून एक कार्यक्रम होतो. पाहुणे येतात, पाऊण तास बोलतात, फोटो निघतो, आणि तो फोटो समूहावर फिरतो. बोलणारे तळमळीने बोलत असतील, आम्हाला त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण बिहारचे दोन प्रयोग शेजारी ठेवले की निर्णय स्पष्ट होतो: व्याख्यानाने हे काम होत नाही, वर्गाने होते. केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात लसीबद्दलच्या अफवांनी हैराण झाल्यावर २०१८ मध्ये तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे १५० सरकारी शाळांत असे वर्ग सुरू केले होते. बिहारला जमते, कण्णूरला जमते, तर ज्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची पायाभरणी झाली, त्या वर्ध्याला जमू नये असे काहीच नाही. मुलाने हाताने काम करत शिकावे, हा त्या परिषदेचा गाभा होता. बातमी तपासणे हेही हाताने करूनच येणारे काम आहे.

वर्ग कसा चालावा याची रूपरेषा सांगतो. मुलांनी आठवड्यात घरच्या फोनवर आलेला एक संदेश वहीत उतरवून आणावा. तो पहिल्यांदा कुणी म्हटला, कधीचा आहे, दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तेच सांगितले आहे का, हे तीन प्रश्न फळ्यावर असावेत. चित्र असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून ते आधी कुठे आले होते ते पाहावे. नेहरू पुसलेला फोटो दोन मिनिटांत मुलांच्या डोळ्यांसमोर उघडा पडेल. गांधीजींचे वाक्य असेल तर साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर त्यांचे सगळे खंड विनामूल्य आहेत, तिथे शोधावे. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांची पडताळणी मराठीत वाचता येते. सरकारी योजनेचा दावा असेल तर पीआयबी फॅक्ट चेक पाहावे, पण सरकारचे म्हणणे हाही एका पक्षाचा पुरावा म्हणूनच घ्यावा. सरकारविषयीचे काय खरे काय खोटे हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ते याच कारणासाठी योग्य होते. वाघाची बातमी असेल तर हिंगणी वनपरिक्षेत्राच्या कर्मचाऱ्यालाच वर्गात बोलवावे. खरी खबर गावाला कोणत्या मार्गाने मिळेल हे त्याने मुलांना सांगावे. आणि कळले नाही तर ‘अजून नक्की नाही’ असे वहीत लिहावे. हे लिहायला मुलांना संकोच वाटू नये, एवढे शिक्षकाने सांभाळले तरी पुष्कळ झाले.

शिकवणारे बाहेरून आणावे लागणार नाहीत. शाळेतले शिक्षक आहेत, बिहारच्या जीविकासारखेच आपल्याकडे ‘उमेद’चे बचत गट आहेत, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात पत्रकारिता शिकणारे विद्यार्थी आहेत. ग्रामपंचायतीने त्यांना पत्र लिहून विचारावे. एक खोली, एक फोन आणि नेटवर्क लागेल.

वर्गाच्या भिंतीवर चार क्रमांक मोठ्या अक्षरांत असावेत. मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. मन बसले असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल तर १४४१६, टेली-मानस. तिथे मराठीत बोलता येते. पोलिसांसाठी ११२. अठरा वर्षांखालच्या कुणाचे खासगी छायाचित्र पसरवण्याची धमकी असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याचा अंकी ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो आपल्या माध्यमावर रोखू शकतात. हे मुलींना वर्गात, एखाद्या ताईने, मोकळेपणाने सांगावे.

आईवडिलांना एकच विनंती आहे. मूल काही सांगायला आले तर त्या दिवशी फोन काढून घेऊ नका. आधी ऐकून घ्या. आणि मुलीने तुम्ही पाठवलेला संदेश खोटा असल्याचे दाखवून दिले तर तो समूहावरून तुम्हीच मागे घ्या, तिच्यासमोर.

ग्रामसभेत कोणताही मतदार विषय मांडू शकतो. हिंगणीच्या ज्या पालकांना हे पटते त्यांनी विषयाचे पत्र ग्रामपंचायतीकडे आधीच द्यावे, २ ऑक्टोबरला सभेला स्वतः हजर राहावे, आणि वर्गाची जागा, वार, वेळ व जबाबदार व्यक्ती ही चारही त्याच सभेत ठरून इतिवृत्तात लिहिली गेल्याशिवाय उठू नये.